बंदुकीवरचा शेंदूर

नोकरीत किती पंचनामे केले आणि किती जबाब नोंदवले, याची गणती मी कधी ठेवली नाही. बहुतेक प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. एक मात्र आजही जसंच्या तसं आठवतं, आणि गंमत अशी की ते माझ्या नोकरीतलं नाही, हद्दीतलं नाही, देशातलंही नाही. निवृत्तीनंतर मी मुलीकडे आयर्लंडला गेलो होतो. अंगात वर्दीऐवजी जावयाचं जाड जाकीट होतं आणि हातात कसलाही अधिकार नव्हता. नातवाशी मराठीत बोलावं तर तो इंग्रजीत उत्तर द्यायचा, तेव्हा घरातही माझा दरारा जेमतेमच होता.

मुलगी राहते ती डब्लिनच्या पश्चिमेला, क्लोनडॉकिनमध्ये. घरं सगळी एका साच्यातली, मागे लहानशी बाग आणि शेजाऱ्याची बाग दिसेल एवढंच कुंपण. त्याच वसाहतीत चार घरं पलीकडे एक मराठी जोडपं राहत होतं. तो ठाण्याचा, संगणक अभियंता, कंपनीत चांगला मानमरातब असलेला. ती साताऱ्याकडची, माहेर मोठं नावाजलेलं. दोघांनी नागरिकत्वासाठी अर्ज केला होता आणि तो सरकारदरबारी पडून होता. त्या अर्जात एक अट असते, की अर्जदाराचं चारित्र्य चांगलं असावं. पोलीस ठाण्यात नाव लागलं की ती अट आडवी येते.

त्या वर्षी तिचे वडील नवरात्रात लेकीकडे आले होते. खंडेनवमीला घरात शस्त्रपूजा झाली. पाटावर लाल वस्त्र, त्यावर एक लांब जुनी बंदूक, हळदकुंकू, अक्षता आणि सुपरमार्केटमधून आणलेली पिवळी शेवंती. पूजा झाल्यावर सासरेबुवांनी फेटा बांधला, बंदूक हातात घेतली आणि मागच्या बागेत फोटो काढायला उभे राहिले. शेजारच्या घरात एक म्हातारी बाई एकटी राहायची. स्वभावाने चांगली, दिवाळीला या जोडप्याकडच्या चकल्या आवडीने खाणारी. तिने वरच्या खिडकीतून पाहिलं, की कोणी अनोळखी माणूस डोक्याला कापड गुंडाळून, बंदूक उंचावून बागेत उभा आहे. तिने पोलिसांना फोन केला. तिच्या जागी मी असतो तर मीही केला असता.

तिथला साधा पोलीस, ज्याला ते लोक गार्डा म्हणतात, कमरेला पिस्तूल लावत नाही. त्यामुळे बंदूक म्हटलं की तिथे फार मोठी गोष्ट होते. बिनखुणेची गाडी आली, सशस्त्र पथक उतरलं. दोन मिनिटांत त्यांना कळलं की समोर जावई, सासरा आणि प्रसादाचं ताट आहे. सगळे जरा सैलावले. पण बंदूक ती बंदूकच. पथकातल्या एकाने नळी नीट पाहिली. तिच्या वरच्या अंगावर एका जागी केशरी रंगाचा जाड थर फासलेला होता, आणि थराखाली काहीतरी कोरल्याच्या कडा जाणवत होत्या. बंदुकीचा क्रमांक झाकणं किंवा खोडणं हा वेगळा आणि गंभीर गुन्हा, तिथेही आणि इथेही. त्याने विचारलं, ही कुठून आली?

सासरे समोर बसले होते. जावयाने सांगितलं, की ही आमच्या घराण्याची, पणजोबांच्याही आधीची, मी भारतातून सामानातून आणली. सासरेबुवांना इंग्रजी बेताचंच, पण तेही मान हलवून म्हणाले, "फॅमिली गन, फॅमिली गन."

म्हणजे विनापरवाना बंदूक परदेशातून आणल्याची कबुली त्याने स्वतःच्या तोंडाने दिली, आणि साक्षीदारही घरचाच मिळाला. पुढचं सगळं रीतसर झालं. बंदूक जप्त, याला अटक, ठाण्यात जबाब, मग तपास बाकी ठेवून सुटका. ठाण्यातही त्याने तेच सांगितलं. केशरी रंगाबद्दल म्हणाला, की तो धार्मिक विधीचा भाग आहे.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको माझ्याकडे आली. डोळे रडून सुजलेले. तिचं म्हणणं सरळ होतं. वकिलांनी सुचवलं होतं, की महाराष्ट्रातल्या एखाद्या जबाबदार माणसाने लिहून द्यावं, की शस्त्रावर असा शेंदूर लावायची आपल्याकडे चाल आहे. माझ्याहून जबाबदार कोण सापडणार होतं? निवृत्त उपअधीक्षक, तोही शेजारीच.

मी आनंदाने लिहून देणार होतो. अशा प्रसंगी आपल्या माणसाच्या पाठीशी उभं राहायचं नाही तर कधी? तिला म्हटलं, पूजेचा फोटो असेल तर दाखव, म्हणजे जे लिहीन ते बघून लिहीन. तिने मोबाइल पुढे केला. मी चष्मा लावला, फोटो मोठा करून पाहिला, मग आणखी मोठा केला.

आपल्याकडे खंडेनवमीला आम्ही ठाण्यातल्या शस्त्रागाराची पूजा करतो. रायफली मांडतो, हार घालतो, हळदकुंकू वाहतो. पण शेंदूर? शेंदूर मारुतीचा, गणपतीचा, वेशीवरच्या म्हसोबाचा. एवढ्या वर्षांत मी एकाही शस्त्राला शेंदूर फासलेला पाहिला नाही. आणि इथे तो सगळ्या बंदुकीवर नव्हता. बोटभर लांबीच्या एकाच पट्ट्यावर होता, तेलात कालवून चांगला दाबून बसवलेला. गोऱ्या पोलिसाला तो धर्म वाटणं साहजिक होतं. दुसऱ्याच्या देवाधर्मात हात घालायचा नाही, ही त्यांची सभ्यता. मला मात्र स्वच्छ दिसलं की या पोराने काहीतरी झाकलं आहे.

दुसरी गोष्ट मला बंदुकीने सांगितली. निवडणूक आली की परवानाधारकांच्या बंदुका ठाण्यात जमा करून घेतात. ग्रामीण भागात असताना अशा शेकडो बंदुका मी हातात घेतल्या, क्रमांक परवान्याशी ताडून पाहिले. ठासणीच्या, तोड्याच्या, आजोबा-पणजोबांच्या. तोड्याची म्हणजे पेटत्या वातीने बार उडवायची. फोटोतली बंदूक तोड्याचीच होती, पण तिला खांद्याला लावायचा दस्ताच नव्हता. मागे नुसती आखूड, वळलेली मूठ. आमच्या मुलखातली एकही बंदूक मी तशी पाहिली नव्हती.

मी त्याच्या बायकोला म्हटलं, लिहून देण्याआधी मला त्याच्याशी एकदा बोलायचंय, एकट्याशी.

क्लोनडॉकिनमधून जुना कालवा जातो. काठाने चालायला वाट आहे. आम्ही दोघे निघालो. आरोपीला खोलीत कोंडून खुर्चीवर बसवलं की तो भिंतीशी बोलतो. शेजारी चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, म्हणून खरं लवकर बाहेर येतं. हा माझा जुना अनुभव. मी बंदुकीचं नावही काढलं नाही. कंपनी, हवा, घरभाडं असं बोलत राहिलो. पाण्यात एक बगळा उभा होता, तो आम्हाला बघून जरासुद्धा हलला नाही.

मग विचारलं, "शेंदूर कुठून आणलास रे?"

"इथल्याच इंडियन स्टोअरमधून, काका."

"लावायला कोणी सांगितलं?"

तो चालता चालता थांबला. मी थांबलो नाही, दोन पावलं पुढे गेलो. मागून त्याचा आवाज आला तेव्हा तो बदललेला होता.

"काका, तुम्हाला कळलंय ना?"

"एवढंच कळलंय की तो शेंदूर देवासाठी लावलेला नाही. खाली काय आहे?"

"अक्षरं आहेत. जपानी की चायनीज, मला खरंच माहीत नाही. बेसिकली मी पॅनिक झालो होतो."

मग सगळं भडाभडा बाहेर पडलं. लग्न ठरवताना सासऱ्यांनी विचारलं होतं, की तुमच्या घराण्यात पूर्वी कोण काय करत होतं. सहज विचारलं होतं, जुन्या लोकांची पद्धत. याचे आजोबा टपाल खात्यात, वडील बँकेत. दोघेही सरळ माणसं, पण त्या बैठकीत, त्या घराण्याच्या थाटापुढे, याला ते सांगायला कमीपणा वाटला. हा बोलून गेला, की पूर्वज फौजेत बंदूकधारी होते, एक बंदूक अजून घरात आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती इतकी वर्षं झाकलेली राहिली. यंदा सासरे येणार म्हटल्यावर त्यांनीच फोनवर सांगितलं, की खंडेनवमीला तुमची बंदूक पुजू. हा अधूनमधून कामानिमित्त भारतात जायचा, त्यामुळे बायकोलाही वाटत होतं की बंदूक ठाणे शहरातल्या त्याच्या घरातून आणता येईल. आता आणणार कुठून?

पश्चिमेकडे शॅनन नदीच्या बाजूला एका जुन्या हवेलीतल्या सामानाचा लिलाव होता. हा एकटाच गाडी घेऊन गेला आणि तोड्याची एक बंदूक उचलून आला. घरी येऊन पुसायला घेतली तेव्हा नळीवर ती अक्षरं दिसली. मराठा फौजेतल्या बंदुकीवर जपानी अक्षरं! सासऱ्यांची नजर पडली तर? म्हणून शेंदूर.

"पोलिसांना तरी खरं सांगायचंस," मी म्हटलं.

"अण्णा समोर बसले होते, काका. सासऱ्यांसमोर कसं सांगू? आणि एकदा सांगितल्यावर ठाण्यात बदललं असतं तर त्यांना वाटलं असतं हा खोटारडाच आहे."

मला राग आला, हे लपवत नाही. एवढा शिकलेला पोरगा, एका फुशारकीपायी नोकरी, नागरिकत्व, बायकोचं सुख सगळं पणाला लावून बसला होता. एक खोटं जगवायला दहा खोटी लागतात, हे तर शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. पण रागापेक्षा कीव जास्त आली. आपल्या टपाल खात्यातल्या आजोबांची त्याला लाज वाटली होती, आणि त्या लाजेची लाज आता त्याला त्याहून जास्त वाटत होती. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, की कायद्यापुढे एकच रस्ता आहे. जे माझ्याशी बोललास ते उद्या वकिलांना घेऊन ठाण्यात बोल. बायकोला आज रात्रीच सांग.

"आणि अण्णांना?"

"ते नंतर बघू," मी म्हटलं. पुन्हा चालायला लागलो.

ठाण्यात तपास एका सार्जंट बाईंकडे होता. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. जबाब संपल्यावर त्या बाहेर आल्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुम्हीही पोलिसात होतात ना? पोलीस पोलिसाला कसा ओळखतो कोण जाणे. चहा मागवला. मग म्हणाल्या, की मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं, युअर मॅन, म्हणजे हा गडी, खोटं बोलतोय, पण गुन्हेगार वाटत नाही. हे मी आमच्या शिपायांना वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो, की खोटारडा आणि गुन्हेगार ही दोन वेगळी माणसं असू शकतात. परक्या देशात ते कोणी आपणहून बोललेलं ऐकून बरं वाटलं. पण त्यांनी हेही स्पष्ट सांगितलं, की याआधी त्याने खोटा जबाब दिलाय, तेव्हा आता त्याच्या शब्दावर काहीच चालणार नाही. शेंदुराखाली काय निघतं, त्यावर सगळं अवलंबून आहे. फॅक्टरीचा क्रमांक निघाला आणि तो खरवडलेला असला तर त्या काही करू शकणार नव्हत्या.

काही आठवड्यांनी त्यांनी आम्हाला बोलावलं आणि टेबलावर फोटो मांडले. तंत्रज्ञांनी शेंदूर हळूहळू काढला होता. खाली अक्षरं शाबूत होती, एकाखाली एक. पहिल्याच नजरेत मला एक गोष्ट दिसली. ती ठशाने उमटवलेली नव्हती, छिन्नीने हाताने कोरलेली होती. एक रेघ खोल, दुसरी उथळ. कारखान्याचा क्रमांक असा नसतो. मी तसं म्हटलं, तर बाई हसल्या. संग्रहालयातल्या तज्ज्ञाने त्यांना हेच सांगितलं होतं, आणि त्याला ती अक्षरं वाचताही येत होती.

पहिली दोन अक्षरं म्हणजे वर्षाचं नाव. आपल्याकडे प्रभव, विभव अशी साठ संवत्सरांची नावं फिरून फिरून येतात, तशीच पद्धत तिकडे. ते वर्ष म्हणजे १८७२. सामुराईंचं राज्य नुकतंच गेलं होतं आणि नव्या सरकारने हुकूम काढला होता, की घराघरांतल्या बंदुका नोंदवा. नोंदलेल्या बंदुकीच्या नळीवर वर्षाची अक्षरं, त्याखाली नोंदणी क्रमांक आणि त्याखाली जिल्ह्याचं नाव कोरायचे. क्रमांकही आकड्यांत नाही, अक्षरांतच. बनवणाऱ्या कारागिराचं नाव वेगळं, ते नळीच्या खालच्या अंगाला, लाकडाखाली दडलेलं असतं. त्यामुळे पुष्कळ हौशी लोक वरच्या अक्षरांनाच कारागिराची सही समजून फसतात. म्हणजे या पोराने जे लपवलं तो एका सरकारी नोंदीचा पुरावा होता. बंदूक १८७२ मध्ये जपानात होती, त्याआधी बनलेली होती, आणि तिच्यात आजचं काडतूस चालणं शक्यच नव्हतं. अशी जुनी वस्तू शोभेसाठी घरात ठेवायला तिथे परवाना लागत नाही. लिलाव करणाऱ्यालाही गिऱ्हाईक आठवत होतं, कारण बोली लावताना या पोराने एकदाही बंदुकीचं वय विचारलं नव्हतं.

ज्या अक्षरांनी तो सुटणार होता त्यांच्यावरच त्याने शेंदूर फासला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो हसावं की रडावं अशा अवस्थेत होता.

वरिष्ठांनी समज देऊन प्रकरण मिटवायचं ठरवलं. एकच गोष्ट राहिली होती. त्या दिवशी सासऱ्यांनीही ती घराण्याची बंदूक असल्याचं सांगितलं होतं. बंदूक परत देण्याआधी सार्जंट बाईंना त्यांच्याशी बोलायचं होतं. लेखी जबाब नको होता, फक्त समजून घ्यायचं होतं, म्हणून दुभाष्याचं काम माझ्यावर आलं.

सासरेबुवा कडक इस्त्रीचा सदरा घालून आले. माझी त्यांची ओळख झाली होती. मी उपअधीक्षक म्हणून निवृत्त झालोय हे सांगूनही ते मला फौजदार साहेबच म्हणायचे. त्यांच्याकडे पोलीस म्हणजे फौजदार, त्यावर आणि त्याखाली कोणी नाही. जावई कोपऱ्यात मान खाली घालून उभा. बायकोला सगळं सांगून झालं होतं, यांना मात्र अजून काहीच माहीत नव्हतं. बाई म्हणाल्या, की सरांना सांगा, ही बंदूक जपानची आहे, आणि त्यांनी ती कुटुंबाची का म्हटली ते मला कळायला हवं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात जावई पुढे आला. सासऱ्यांच्या समोर उभा राहिला.

"अण्णा, ही बंदूक आमच्या घरातली नाही. मी इथे लिलावात विकत घेतली. आमच्या घराण्यात कोणी बंदूकधारी नव्हतं. आजोबा टपाल खात्यात होते. मी तुमच्याशी खोटं बोललो."

सासऱ्यांनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "आवो जावईबापू, जल्म गेला माजा ठासणीच्या बंदुकी पुसन्यात. तिला खांद्याला लावाया दस्ता न्हाय, ती आमच्या मुलखातली कशी आसंल? पाटावर ठिवली तवाच कळलं."

मग पोलिसांना फॅमिली गन का सांगितलं, असं मी विचारलं. हा प्रश्न सार्जंट बाईंचा होता, पण खरं म्हणजे माझाही होता.

"पोलिसांम्होरं जावयाला खोटा पाडू व्हय? फौजदार साहेब, तुमी पाडला आसता का?"

इतकी वर्षं मी लोकांना प्रश्न विचारत आलो, असा उलटा प्रश्न क्वचितच कोणी विचारला असेल.

ते उठून जावयाजवळ गेले. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "त्यांनी टपाल वाटलं, चोरी तर न्हाय केली? आन् आमच्या घरातली तलवार बी कवातरी कुनीतरी पयल्यांदा इकतच आणली आसंल की. घरान्यात कुनीतरी पयला लागतोच. तुमच्यात तुमी."

सार्जंट बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी शब्द न् शब्द भाषांतर करून सांगितला. त्यांनी पेन खाली ठेवलं, "ग्रँड", म्हणजे तिकडचं 'झकास', एवढंच म्हणाल्या आणि बंदूक आणायला आत गेल्या.

पुढे यथावकाश त्या दोघांना नागरिकत्व मिळालं. बंदूक बैठकीच्या खोलीत भिंतीवर आहे, अक्षरं वरच्या बाजूला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशी.

नोकरीत आम्हाला शिकवलं होतं, की माणूस खोटं बोलला की तो काय लपवतोय ते शोधा. ते बरोबरच आहे, चोरदरोडेखोरांच्या बाबतीत त्याने काम भागतं. पण या प्रकरणात एकाने सासऱ्याच्या नजरेतली किंमत राखण्यासाठी खोटं सांगितलं, आणि दुसऱ्याने जावयाची लाज राखण्यासाठी त्याला दुजोरा दिला. दोघांनी एकमेकांच्या प्रेमापोटी मिळून एकाला जवळजवळ तुरुंगात पोहोचवलं होतं. पहिल्या दिवशी त्या पथकातल्या कोणी सासऱ्यांना पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत नेलं असतं, तर प्रकरण तिथेच संपलं असतं. आता कोणी नवा अधिकारी सल्ला विचारायला आला तर मी एवढंच सांगतो. जबाब घेताना बोलणाऱ्याकडे बघाच, पण त्याआधी खोलीत आणखी कोण बसलंय तेही बघा.